रेट वाढला, मुबारकबाद कसली?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात डॉलरने नव्वदी ओलांडली. त्या संध्याकाळी पेणकरपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे चाचा भेटले. त्यांचे दोन मुलगे दुबईत, जावई दोह्यात. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "मुबारक हो, दिरहम साडेचोवीस!" मी पेढा घेतला आणि खाल्लाही. घरात आलो तर अम्मी शारजाला असलेल्या माझ्या धाकट्या भावाशी फोनवर बोलत होती, "पगार आत्ताच टाकू नको रे. पंचवीस होऊ दे."

आमच्या वस्तीत हे काही नवीन नाही. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली इकडून आलेल्या कितीतरी घरांनी मीरा रोडला जे दोन खोल्यांचे घर घेतले, त्यात गल्फचा पैसा आहे. लहान मुलाला सातचा पाढा येत नसेल, पण आजचा रेट विचारा, दशांशासह सांगेल. रुपया पडला की आमच्याकडे 'रेट वाढला' म्हणतात. रुपया सावरला की 'रेट पडला' म्हणून चेहरे उतरतात. ज्या देशात आपण राहतो, खातो-पितो, भाडे भरतो, त्या देशाचे चलन घसरले की आपण पेढे वाटतो, यातला विचित्रपणा आता आपल्याला जाणवतही नाही.

मी इथे देशभक्तीचा धडा द्यायला बसलेलो नाही. तो द्यायला उत्सुक असलेले लोक पुष्कळ आहेत, आणि आपल्याला तो जरा जास्तच मिळतो. माझे म्हणणे हिशोबाचे आहे. रेटमुळे घरी जी वाढ दिसते ती मालकाने दिलेली नसते. मालकाचा एक दिरहमही जास्त खर्च झालेला नसतो. ती वाढ आपल्याच बाजारातून, रुपयात कमावणाऱ्या आपल्याच माणसांच्या खिशातून आलेली असते, आणि महागाईच्या वाटेने निघूनही जाते. तिला बरकत समजण्याची सवय आपल्याला महागात पडली आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याचेही फॉरवर्ड फिरत असतात. एक असे सांगतो की १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. साफ खोटे. तेव्हा डॉलर साधारण ३ रुपये ३० पैशांच्या हिशोबाने पडत होता. दुसरा सांगतो की एके काळी दुबईत आपला रुपया चालायचा. हे मात्र खरे आहे, आणि खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा जास्त मजेदार आहे.

कुवेत, बहारीन, कतार, दुबई, अबुधाबी, मस्कत या सगळ्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चालत होता. तिथला कारभार इंग्रजांच्या छायेखाली आणि व्यापार मुंबईशी. मोती इकडे यायचे; तांदूळ, कापड, मसाला तिकडे जायचा. पुढे एक अडचण झाली. दुबईतून सोने चोरून भारतात यायचे, त्याच्या बदल्यात रुपये तिकडे जायचे, आणि ते रुपये बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येऊन बदल्यात पौंड मागायचे. परकीय चलनाची गळती थांबवण्यासाठी १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून रिझर्व्ह बँकेने गल्फसाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग वेगळा, किंमत तीच, पण भारतात त्या चालायच्या नाहीत. त्याच सुमारास हजला जाणाऱ्यांसाठीही १० आणि १०० रुपयांच्या खास हज नोटा निघाल्या.

मग एकेक जण बाहेर पडू लागला. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला, एका दिनाराला सव्वातेराहून किंचित जास्त रुपये. बहारीनने १९६५ मध्ये दहा रुपयांना एक दिनार केला. आणि ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर एका रात्रीत ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. कतार आणि दुबईने रुपया सोडला, काही महिने सौदी रियालवर काढले, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये आपला संयुक्त रियाल काढला. अबुधाबीने बहारीनचा दिनार घेतला. मस्कतने १९७० पर्यंत कळ काढली.

यातली एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अवमूल्यनाआधी रुपयाचे कागदोपत्री मोल ०.१८६६२१ ग्रॅम सोने इतके ठरलेले होते. कतार-दुबईच्या नव्या रियालाचे मोलही बरोबर तेवढेच ठेवले. १९७३ मध्ये अमिरातीचा दिरहम आला, तो एका रियालाला एक दिरहम या हिशोबाने, आणि त्याचेही वजन ०.१८६६२१ ग्रॅमच. म्हणजे वंशावळ लावली तर आजचा दिरहम हा ५ जून १९६६ चा आपलाच रुपया आहे. तो तिकडे राहिला, आपण इकडे आलो. साठ वर्षांत दोघांमध्ये साडेचोवीस पटींचे अंतर पडले.

इथे काहीजण उसासा टाकतात. काय तो सुवर्णकाळ, एक रुपयाला एक दिरहम! त्यांना सांगावेसे वाटते की तो 'मजबूत' रुपया ज्या देशाचा होता, तो देश तेव्हा अमेरिकेचा गहू मागून खात होता. कोकणातल्या आमच्या गावांतून माणसे तेव्हाही बाहेरच पडत होती, कोणी बोटीवर खलाशी म्हणून, कोणी मुंबईच्या गिरणीत. रेट ही अब्रू नव्हे. विरोधात असताना रुपयाच्या घसरणीला देशाची बेइज्जती म्हणायचे आणि सत्तेत आल्यावर गप्प बसायचे, हा सगळ्याच पक्षांचा खेळ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी रुपया घसरत नसून डॉलर मजबूत होत आहे अशा अर्थाचे उत्तर दिले, तेव्हा त्यावर विनोद झाले. आपल्या घरात मात्र आपण त्यांच्याही पुढे आहोत. 'रेट वाढला' या शब्दांत रुपयाचा उल्लेखही नसतो.

१९६६ च्या गोष्टीतून मी वेगळा धडा घेतो. दुबईच्या शेखांना कळले की ज्या मापात आपली तिजोरी मोजली जाते ते माप दुसरा कोणी लहान करतो आहे. त्यांनी माप बदलले. त्यांना ते शक्य होते. माझ्या दादीला शक्य नव्हते.

दादीचा निकाह १९६४ चा. मेहर ५०० रुपये, उधार. त्या काळी त्यात काही तोळे सोने आले असते. दादांनी तो मेहर १९८७ मध्ये, आजारी पडल्यावर, चुकता केला. शंभराच्या पाच कोऱ्या नोटा, दोन साक्षीदारांसमोर. कर्ज फिटले, सगळ्यांनी 'माशाअल्ला' म्हटले. तेवढ्या पैशात तेव्हा सोने जेमतेम दोन ग्रॅम आले असते. दादांनी कोणाला फसवले नाही, नाममात्र रक्कम अचूक दिली. फसवणूक मापाने केली. ज्याच्या हातात माप बदलणे असते तो वाचतो. ज्याची कमाई, ज्याचे येणे रुपयात लिहिलेले असते, तो झिजतो. रुपयाच्या घसरणीचा इतिहास मला या दोन ओळींत मावलेला दिसतो.

आता गल्फमधल्या माणसाकडे या. तो तर वाचलेल्यांतला ना? त्याची कमाई दिरहमात आहे. मीही कित्येक वर्षे असेच समजत होतो. मग एका रात्री भावाच्या पगाराचा हिशोब कागदावर मांडला.

तो २००७ च्या अखेरीस शारजाला ड्रायव्हर म्हणून गेला. पगार १,५०० दिरहम. तेव्हा डॉलर ३९-४० रुपयांना, दिरहम पावणेअकराच्या आसपास. म्हणजे घरी मोजायचे १६,१२५ रुपये. आज अठरा वर्षांनी त्याचा पगार २,२०० दिरहम आहे. साडेचोवीसच्या रेटने ५३,९०० रुपये. अम्मी म्हणते, पगार तिपटीहून जास्त झाला. पण अरबाबने वाढवले किती? सातशे दिरहम, अठरा वर्षांत. जुन्याच रेटने मोजले तर आजचा पगार २३,६५० रुपये होतो. उरलेले ३०,२५० रुपये अरबाबने दिलेले नाहीत, ते रुपयाच्या घसरणीने दाखवले आहेत. एकूण वाढीतले रुपयामागे ऐंशी पैसे. आणि याच अठरा वर्षांत भारतातली महागाईही तिपटीच्या वर गेली. त्या ५३,९०० रुपयांत आज पेणकरपाड्यात जे येते, ते २००७ च्या १६,००० रुपयांत जवळपास येतच होते. अठरा वर्षे परक्या देशात स्टिअरिंग धरून, दोन मुलींचे बालपण फोनवर पाहून, माझा भाऊ खऱ्या हिशोबात जिथल्या तिथे उभा आहे. आणि दर वेळी रेट वाढला की आम्ही त्याला मुबारकबाद देत आलो आहोत.

याची दुसरी बाजू त्याने स्वतः पाहिली. तो पोहोचला त्याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबर २००७ मध्ये, दुबईत हजारो बांधकाम मजुरांनी संप केला. तिथे संपाला कायद्याची मान्यता नाही, तरीही केला. कारणांत एक मोठे कारण हे होते की रुपया वधारला होता. दिरहमातला पगार तोच, पण घरी पोहोचणारी रक्कम कमी झाली होती. म्हणजे रुपया चढला तेव्हा मजुराला कळले की आपला पगार कमी आहे आणि तो मालकाच्या दारात उभा राहिला. त्यानंतर रुपया पडत गेला आणि घरोघरची ती तक्रार बोथट झाली. मजुरीचा तुटवडा रुपयाने भरून काढला, मालकाला बोट हलवावे लागले नाही. बिहारचा, तेलंगणाचा, कोकणाचा नवा मुलगा आजही जवळपास त्याच दिरहमांवर जायला तयार होतो, कारण तो दिरहम मोजतच नाही, रुपये मोजतो. म्हणून म्हणतो, आपल्या पेढ्यांचा पहिला मानकरी अरबाब आहे.

माझा स्वतःचा गुन्हाही सांगून टाकतो. २०१३ च्या मे महिन्यात दिरहम पंधराच्या आसपास होता, ऑगस्टच्या अखेरीस साडेअठराच्या वर गेला. गल्फमध्ये तेव्हा कर्ज काढून पैसे घरी पाठवायची लाट आली होती. भावाला फोन मी केला. "असा रेट पुन्हा मिळणार नाही. कर्ज काढ आणि पाठव, घराचे बुकिंग करून टाकू." त्याने विचारले, "भाई, व्याजाचे काय?" व्याजाचा प्रश्न त्याला धर्माच्या बाजूने पडला होता. मी त्याला हिशोबाच्या बाजूने गप्प केले. त्याने ४०,००० दिरहम घेतले, साडेअठराने ७ लाख ४० हजार आले. पंधराच्या रेटने सहाच लाख आले असते, म्हणजे १ लाख ४० हजारांचा फायदा! चार वर्षांत त्याने फेडले ४७,८०० दिरहम. वरचे ७,८०० दिरहम, साडेसतराच्या सरासरीने, १ लाख ३६ हजार ५०० रुपये. फायदा उरला साडेतीन हजार. त्या चार वर्षांत तो एकदाही घरी आला नाही, कारण हप्ता चालू होता. अब्बांच्या जनाज्याला तो नव्हता. साडेतीन हजार रुपये.

आता त्याच इमारतीच्या तळमजल्यावर या. तिथे एक शिलाईकाम करणारे चाचा राहतात. त्यांचे गल्फमध्ये कोणी नाही. बारा वर्षे ते आणि चाची हजसाठी रुपया-रुपया बाजूला टाकत आहेत. मक्का-मदिनेतल्या खोल्या, बस, मिनाचे तंबू, सगळे रियालात. आणि रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ च्या दराने बांधलेला आहे, म्हणजे डॉलर चढला की रियाल आपोआप चढतो. माझे अब्बा-अम्मी डिसेंबर २००७ मध्ये हजला गेले तेव्हा रियाल साडेदहा रुपयांना होता. हज कमिटी यात्रेकरूच्या हातखर्चाला कित्येक वर्षे २,१०० रियाल देत असे. तेव्हा त्याचे बावीस हजार रुपये होत. आज तेवढ्याच रियालांना पन्नास हजार लागतात. २०१८ पासून सबसिडीही नाही. ज्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर पेढे वाटले गेले, त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या माणसाचा हज आणखी काही महिने लांब गेला. त्याच जिन्यात, त्याच पुड्यातला पेढा त्यांनाही मिळाला असणार.

आणि फक्त हजचे नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येते. खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून येते. चेकनाक्यावरच्या रिक्षावाल्याच्या गॅसपासून आपल्या कढईतल्या तेलापर्यंत डॉलर पोहोचतोच. भाऊ दिरहमात कमावतो, पण त्याची बायको, मुली आणि अम्मी रुपयात खातात.

हे सगळे मी नव्याने शोधले असे नाही. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने छापला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचा रुपया पौंडासमोर घसरत गेला, तेव्हा निर्यातदार आणि कारखानदार खूश होते. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता की हा नफा परदेशातून आलेला नाही. किमती वाढतात तशी मजुरी वाढत नाही, त्यामुळे तो देशातल्याच मजुराकडून मालकाकडे गेलेला नफा आहे. बाहेरच्या विनिमय दरापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती टिकणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. आपण बाबासाहेबांची जयंती करतो, संविधान हातात घेऊन मोर्चे काढतो. त्यांचे हे पुस्तक मात्र आपल्या मोहल्ल्यात कोणी उघडलेले मी पाहिले नाही. ज्या समाजात घरटी एक माणूस रेटवर जगतो, त्याने तरी उघडायला हवे.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. पहिले, परदेशातून येणाऱ्या पैशाने देश चालतो, महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे. आहेच. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांनी पहिला, केरळ १९.७ टक्क्यांनी दुसरा. पण त्याच पाहणीत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि अमिरातीचा १९.२ टक्के आहे. न्यू जर्सीतला इंजिनियर डॉलरमध्ये पगारवाढ मागतो, नाही मिळाली तर नोकरी बदलतो. शारजाच्या ड्रायव्हरला या दोन्ही गोष्टी अवघड आहेत. दोघांनाही रेट एकच, पण एकासाठी तो वरकमाई आहे आणि दुसऱ्यासाठी पगारवाढीच्या जागी ठेवलेले खेळणे.

दुसरे उत्तर, मग काय सरकारने रुपया दाबून धरावा? नाही. १९६६ च्या आधी दर दाबून धरलाच होता. चोरटे सोने त्या दाबलेल्या दराच्या आसऱ्याने आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर उतरत होते. दर बाजाराने ठरेल, तो कधी पडेल, कधी चढेल. माझी मागणी सरकारकडे नाहीच, आपल्याकडे आहे. गल्फला जाणाऱ्या पोराचा पगार रुपयात सांगू नका, दिरहमात सांगा, आणि दर दोन वर्षांनी विचारा की तो किती वाढला. रेटच्या नादाने कर्ज काढू नका आणि दुसऱ्याला काढायला लावू नका. मेहर उधार ठेवू नका, आणि ठेवायचाच असेल तर सोन्यात लिहा, म्हणजे तेवीस वर्षांनी कोऱ्या नोटा देऊन कोणी मोकळा होणार नाही. आणि रुपया पडला त्या दिवशी जिन्यात पेढे वाटण्याआधी तळमजल्याचा विचार करा.

तो पगाराचा कागद मी भावाला फोटो काढून पाठवला. दोन दिवस उत्तर आले नाही. मला वाटले, रागावला. मग शुक्रवारी नमाजनंतर त्याचा फोन आला. म्हणाला, "भाई, आज पहिल्यांदा अरबाबला पगार वाढवायला सांगितले. दिरहममध्ये."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्याकडे रेट तर वाढलाय ना?"